बागेत उपस्थिती शून्य

"मोजणीच करायची ना? मग ती माझ्यावर सोडा आणि घरी जाऊन निवांत झोपा!"

इमारतीच्या बैठकीत अचूकरावांनी उभं राहून हे जाहीर केलं आणि समोरच्या खुर्चीच्या पाठीवर अशी थाप मारली, की खुर्चीवर बसलेले दातवाले डॉक्टर दचकून दोन बोटं पुढे सरकले.

अचूकराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. पण एकतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढल्यावर खरं नाव कुणाच्या लक्षात राहणार? दुकानदाराच्या तराजूत राईएवढी खोट असली तरी यांना ती रस्त्याच्या पलीकडून दिसायची. निवृत्त झाल्यावर दुकानदार सुटले आणि शेजारीपाजारी सापडले! सुताराने बसवलेलं दार पाव इंच तिरकं आहे, जिन्याची सातवी पायरी सहावीपेक्षा उंच आहे, दूधवाल्याचं माप बुडाशी चेपलेलं आहे, या सगळ्याची नोंद अचूकरावांकडे तारखेनिशी असायची. घरात बायको म्हणाली, "थोडं पाणी द्या हो," की हे विचारणार, "थोडं म्हणजे किती?" त्या बिचाऱ्या स्वतःच उठून पाणी घ्यायच्या. अख्खी इमारत त्यांना काकू म्हणायची आणि त्यांच्याबद्दल मनातल्या मनात हळहळायची.

तर बैठकीचं कारण असं, की इमारतीसमोर रस्त्यापलीकडे पालिकेची बाग होती आणि पालिकेची नोटीस आली होती. बागेचा 'वापर नगण्य' असल्याने ती खणून तिथे वाहनतळ करायचा विचार आहे. कुणाची हरकत असल्यास आठ दिवसांत आकडेवारीसह कळवावी.

"नगण्य म्हणजे काय?" दातवाले डॉक्टर म्हणाले. समितीचे अध्यक्ष तेच होते. "संध्याकाळी नुसती जत्रा असते तिथं!"

"जत्रा हा आकडा नव्हे, डॉक्टर," अचूकराव म्हणाले. "पालिकेला आकडा लागतो. सही-शिक्क्याचा आकडा. आणि तो देण्याच्या लायकीचा माणूस या इमारतीत एकच आहे!"

कुणीच विरोध केला नाही. अचूकरावांना विरोध करायचा म्हणजे आधी स्वतःचं उंची-वजन तपासून घ्यावं लागतं, हे सगळ्यांना अनुभवाने ठाऊक होतं.

आता एक गोष्ट इथेच सांगून टाकायला हवी. बावीस वर्षं त्या बागेसमोर राहूनही अचूकरावांनी बागेत पाऊल टाकलेलं नव्हतं! काकू रोज पाच वाजता न चुकता जायच्या. हे मात्र गॅलरीतून बघायचे. झाडं मोजून झाली होती, बाकडी मोजून झाली होती. मग आत जायचं कशाला? उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ असतात. अचूकराव तिसऱ्या मजल्यावरून बाग हाकत होते.

दुसऱ्या दिवशी पावणेपाचला ते तयार झाले. कपाटातला जुना खाकी कोट निघाला. नोकरीत असताना तो अंगावर चढला की बाजारपेठेत शटरं धडाधड खाली यायची. खिशाला दोन पेनं, गळ्यात शिट्टी आणि हातात एकोणीस प्रश्नांची प्रश्नावली.

"एकोणीस?" काकूंनी विचारलं. "लोक फिरायला येतात हो, नोकरीच्या मुलाखतीला नाही."

"अगं, नुसती डोकी मोजून काय उपयोग? कशासाठी आले, किती वेळ थांबले, नेमका काय फायदा झाला, हे सगळं यायला हवं. अर्धवट माप म्हणजे खोटं माप!"

काकूंनी पिशवी उचलली. चपला घालून पुढे निघून गेल्या.

ठीक पाच वाजता अचूकराव बागेच्या फाटकात उभे राहिले. पहिली आली ती कोपऱ्यावरच्या दवाखान्यातली नर्स.

"थांबा! आत कशासाठी?"

ती दचकली. "अं? असंच."

"'असंच' हा रकाना नाही. चालणे, व्यायाम, मुलांचा खेळ, इतर. यातलं काय?"

"मी… चपला काढून गवतात उभी राहते. बारा तास फरशीवर उभी असते ना मी."

"म्हणजे तिथंही उभं राहायचं आणि इथंही उभंच राहायचं?"

"हो."

"मग फायदा काय झाला?"

नर्सने त्यांच्याकडे असं बघितलं, जसं ती तापाने बरळणाऱ्या पेशंटकडे बघत असावी. अचूकरावांनी 'इतर' असं लिहिलं आणि पुढचे सोळा प्रश्न विचारले. सुटका झाली तेव्हा तिची परत जायची वेळ झाली होती.

मागे शिवणकाम करणाऱ्या एक ताई होत्या. त्या म्हणाल्या, "मी लांब बघायला येते."

"लांब म्हणजे किती लांब?"

"दिवसभर सुईचं टोक बघते हो. डोळे दुखतात. इथं येऊन त्या उंच झाडाचा शेंडा बघत बसते. बरं वाटतं."

"बरं म्हणजे किती टक्के?"

त्यांच्या मागे विमा कंपनीतला एक कारकून होता. त्याने आधी इकडेतिकडे बघितलं, मग कानाशी येऊन सांगितलं, की तो मागच्या एका झाडाला साहेब समजून रोज त्याच्याशी भांडतो. "मनसोक्त बोलून घेतो, म्हणजे ऑफिसात तोंडून काही जात नाही. बायकोमुलं आहेत हो घरी!"

"झाडाची जात कोणती?" अचूकरावांनी विचारलं. तेराव्या क्रमांकाचा प्रश्न तोच होता.

एव्हाना फाटकाबाहेर रांग लागली होती. रांग बघून आणखी लोक जमले, कारण रांग दिसली की काहीतरी फुकट मिळतंय असं माणसाला वाटतंच. काही मिळत नाही, उलट वय, व्यवसाय आणि गुडघेदुखीचा तपशील द्यावा लागतो हे कळल्यावर तेच लोक आल्या पावली परत गेले. आलेल्या अठ्ठावन्न माणसांपैकी प्रश्नावली पूर्ण झाली तेवीस जणांची. अचूकरावांनी वहीत तेवीसच लिहिले. पस्तीस माणसं अर्धवट होती ना!

तो कागद घेऊन ते दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः पालिकेच्या कार्यालयात गेले, जमा केला आणि पोचपावतीवर शिक्का मारून घेतला. रोजचा हिशोब रोज! निरीक्षकाचं कामच तसं.

मात्र त्या एका रात्रीत गल्लीत बातमी फिरली होती. आणि बातमी एकदा चालायला लागली की तिला बागेची गरज लागत नाही! कुणी म्हणालं, खाकी कोटातला माणूस पालिकेचा आहे. तिकीट लावणार आहेत. कुणी म्हणालं, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना बागेत बंदी होणार. लॉन्ड्रीवाल्याने तर शपथेवर सांगितलं, की 'इतर' रकान्यात ज्यांची नावं गेली त्यांच्या घरी चौकशी येणार आहे.

दुसऱ्या दिवशी उपस्थिती सहा. त्यातले दोघे पत्ता विचारायला आले होते.

तिसऱ्या दिवशी शून्य.

अचूकराव फाटकात खांबासारखे उभे होते. समोर हिरवळ, कोरडं कारंजं, पलीकडे झुडपांचं उंच कुंपण. माणूस नाही की काणूस नाही. रोज येणाऱ्या काकूसुद्धा फिरकल्या नव्हत्या. एक मांजर आलं, त्यांच्याकडे बघून थबकलं आणि मागे फिरलं.

"आज कितीजण आले हो?" रात्री जेवताना काकूंनी विचारलं.

"आकडे गोपनीय असतात," अचूकराव म्हणाले. "सादर होईपर्यंत घरच्यांनाही सांगता येत नाहीत."

"बरं," म्हणून काकूंनी वाढून घेतलं.

अचूकरावांच्या मनाला थोडं लागलंच होतं. पण माप म्हणजे माप! आपल्याला काय आवडतं आणि तराजू काय दाखवतो, यांत फरक पडला तर तराजूचं ऐकायचं, हे त्यांनी एकतीस वर्षं सगळ्यांना शिकवलं होतं. त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'दिवस तिसरा. बागेत उपस्थिती: शून्य.' खाली लफ्फेदार सही. चौथ्या दिवशीही तेच.

पाचव्या दिवशी दुपारी पालिकेचं पत्र आलं. उद्यान अधिकारी बाईंची सही होती. 'आपण तत्परतेने पाठवलेल्या आकडेवारीबद्दल हे कार्यालय आपले आभारी आहे. बागेचा वापर होत नसल्याचे आपल्यासारख्या अनुभवी निरीक्षकाने प्रमाणित केल्याने पुढील चौकशीची गरज उरलेली नाही. खोदकाम सोमवारपासून सुरू होईल.'

अचूकरावांनी पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना त्यांना खुर्ची लागली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हेच! बाग वाचवायला निघालेल्या माणसाने स्वतःच्या सहीने बागेचा मृत्यूचा दाखला दिला होता. तोही रोजच्या रोज, स्वतः जाऊन!

पाच वाजता ते फाटकात गेले खरे, पण आज कोट अंगावर जड वाटत होता. शेवटचं एकदा बघून घ्यावं म्हणून ते तसेच उभे होते. आणि तेवढ्यात—

"आऽऽक् छीऽऽ!"

झुडपांच्या कुंपणामागून शिंक आली. पाठोपाठ पन्नास-साठ गळ्यांतून एकदम "श्शूऽऽ!"

अचूकराव पुतळ्यासारखे थिजले. मग बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी फाटकाची रेघ ओलांडली, हिरवळ तुडवली, कुंपणाला वळसा घातला आणि त्यांचे डोळे विस्फारले.

बाग बुटाच्या आकाराची होती! फाटकातून आणि गॅलरीतून दिसायची ती फक्त टाच. बाकीचा अख्खा बूट कुंपणामागे, उंच झाडांआड पसरला होता. तिथे घसरगुंडी होती, झोपाळे होते, दाट सावलीची झाडं होती, आणि माणसंच माणसं होती! नर्स अनवाणी गवतात उभी होती. शिवणकामवाल्या ताई झाडाचा शेंडा बघत होत्या. विम्याचा कारकून एका झाडाच्या बुंध्यावर बोट रोखून तसाच गोठला होता. दातवाले डॉक्टर नाकाला रुमाल लावून उभे होते; शिंक त्यांचीच होती. आणि एका कोपऱ्यातल्या बाकावर, पाय लांब करून, काकू!

"तू? तू कुठून आलीस आत?"

"लॉन्ड्रीच्या मागची भिंत पडलीय ना, तिथून," काकू शांतपणे म्हणाल्या.

"आणि हे सगळे?"

"तिथूनच. मीच दाखवली वाट. लोक बिचारे रस्त्यात घुटमळत होते. फाटकात तुम्ही!"

अचूकराव डॉक्टरांकडे वळले. "डॉक्टर, तुम्ही अध्यक्ष! तुम्ही तरी सांगायचं!"

"आम्हाला वाटलं, तुम्ही आत एक फेरी मारून मोजत असाल," डॉक्टर रुमालातूनच म्हणाले.

"मोजणाऱ्याने जागा सोडायची नाही, हा मोजणीचा पहिला नियम आहे!" अचूकराव ओरडले. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. खिशातून त्यांनी पत्र काढलं आणि डॉक्टरांच्या हातात दिलं. डॉक्टरांनी ते मोठ्याने वाचलं. 'सोमवारपासून' या शब्दापर्यंत पोचेपर्यंत झोपाळेसुद्धा हलायचे थांबले होते.

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं! नर्सने खाली वाकून चपला हातात घेतल्या आणि एवढंच विचारलं, "मग मी आता कुठं उभी राहू?"

हा प्रश्न प्रश्नावलीत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालय उघडायच्या आधीच ते दारात हजर होते. अंगात साधा सदरा. उद्यान अधिकारी बाईंच्या टेबलावर फायलींचे दोन मनोरे, मधे दोन फोन आणि एका कपात कालचा चहा.

"या या! तुमच्या आकड्यांनी फार काम सोपं केलं हो," बाई एका फोनवर हात ठेवून म्हणाल्या. "बोला."

"ते माप खोटं आहे."

"कुणाचं?"

अचूकरावांनी शिक्क्याची पोचपावती टेबलावर ठेवली. "माझं."

एक फोन वाजायला लागला, बाईंनी तो बंद केला. तेवढ्यात दुसरा वाजला. "हे बघा, तुमच्याच सहीचा कागद आहे. शून्य. आता तुम्ही म्हणता खोटा. मग लिहून द्या तसं."

लिहून द्या! एकतीस वर्षं अचूकरावांनी हे वाक्य दुसऱ्यांना ऐकवलं होतं. शेकडो दुकानदारांकडून त्यांनी कबुलीजबाब लिहून घेतला होता. मजकूर तोंडपाठ होता. कितीतरी माणसं लिहिताना घाम पुसायची आणि यांना वाटायचं, तीन ओळी तर लिहायच्यात, त्यात एवढं काय! आज स्वतः लिहायला बसल्यावर पहिल्याच शब्दाला पेन अडलं. दोनदा शाई सुकली का ते बघून झालं. मग त्यांनी दात आवळले आणि लिहिलं, 'माझे माप खोटे होते. चूक तराजूची नसून माझी आहे.' खाली सही केली. आज ती नुसती सही होती, लफ्फा नव्हता.

बाईंनी कागद वाचला, मग मान वर करून त्यांच्याकडे जरा नीट बघितलं. "मग शून्याऐवजी खरी माणसं किती? सत्तरेक?"

"बहात्तर," अचूकराव म्हणाले. सवय हो, दुसरं काय!

बाई हसल्या नाहीत, पण हसण्याच्या जवळपास आल्या. "उद्या पाच वाजता मी स्वतः येते. मला जे दिसेल ते लिहीन. मला दहाच मिनिटं आहेत."

आता इतकं झाल्यावर शहाणा माणूस गप्प बसला असता. अचूकराव जिन्यातून घरी पोचेपर्यंत पुन्हा पहिल्यासारखे झाले होते! रात्रीपर्यंत त्यांनी भला मोठा तक्ता तयार केला.

"हे काय?" काकूंनी विचारलं.

"दहा मिनिटांत बागेचे सगळे उपयोग दिसायला हवेत. पाच वाजता चालणारे, पाच वाजून दोन मिनिटांनी व्यायामवाले, तीन मिनिटांनी हसणारे…"

"अहो, लोक रोज वागतात तसं वागू द्या की त्यांना!"

"नैसर्गिक वागणं नीट बसवावं लागतं! तुझं नाव मी 'दीर्घ श्वसन' मध्ये घातलंय."

"मी रोज जे करते तेच करणार," काकू म्हणाल्या आणि दिवा मालवून टाकला.

दुसऱ्या दिवशी पाचला बाईंची गाडी थांबली. अचूकरावांनी शिट्टी फुंकली.

चालणारे सोळा जण निघाले. तालीम इतकी पक्की झाली होती, की सोळाच्या सोळा डावे पाय एकदम पडत होते. चेहरे असे गंभीर, जणू शहीद स्मारकाकडे निघालेत! दुसरी शिट्टी. व्यायामवाल्यांनी हात वर केले ते खाली आणायची शिट्टी न झाल्याने वरच ठेवले. तिसऱ्या शिट्टीला हसणाऱ्यांचा गट हसला. एका आजोबांना वेळेवर हसू येईना, म्हणून ते नुसतेच 'हा, हा, हा' असं वाचून दाखवल्यासारखं म्हणाले.

"कसलं संचलन आहे हे?" बाईंनी विचारलं.

"नेहमीचंच आहे, बाई! रोज असंच असतं!"

आणि त्याच क्षणी तक्त्यातला सहावा क्रमांक कोसळला. 'प्रौढ नागरिकांचा मुलांसोबत खेळ' हे काम दातवाल्या डॉक्टरांकडे होतं. मुलांची ती नळीची घसरगुंडी. डॉक्टर वरून शिरले, ते खालून आलेच नाहीत! नळीतून नुसता आवाज यायला लागला, "अहो, धरा! ओढा! पायाकडून नको, पायाकडून नको!" मागून येणारी तीन मुलं त्यांच्या डोक्यावर येऊन बसली आणि आनंदाने किंचाळली. चालणारे बघायला वळले, सोळाच्या सोळा एकमेकांवर आदळले. व्यायामवाले वर केलेल्या हातांनीच मदतीला धावले. आणि हसणारे? त्यांना आता शिट्टीची गरजच उरली नव्हती! ते आजोबा तर गवतावर बसून पोट धरून हसत होते.

अचूकराव शिट्टीवर शिट्टी फुंकत होते. कुणी ऐकेल तर शपथ!

बाईंनी फाईल मिटली. "ही माणसं तुम्ही गोळा करून आणलीत ना?" त्या थकलेल्या आवाजात म्हणाल्या. "आधी शून्य, आता सर्कस. यातलं मी काय लिहू? जरा बसायला जागा आहे का कुठं? दोन ओळी खरडते आणि जाते."

बाकं होती, पण प्रत्येकावर अचूकरावांनी नंबरची चिठ्ठी लावून जागा राखीव केली होती. एकच बाक चिठ्ठीतून सुटलं होतं, कोपऱ्यातलं. तिथे काकू पाय लांब करून बसल्या होत्या. बाई जवळ गेल्या तशी काकूंनी नुसती पिशवी उचलून मांडीवर घेतली.

अचूकराव चार पावलं मागे, झाडाशी उभे राहिले. दीर्घ श्वसन विसरलं तरी चालेल, पण निदान काहीतरी चांगलं बोल गं बाई, असं ते मनातल्या मनात विनवत होते.

"तुम्ही रोज येता इथं?" बाईंनी पेन उघडत विचारलं.

काकूंनी मान हलवली.

"काय करता?"

"काही नाही."

अचूकरावांनी कपाळाला हात लावला.

"काही नाही म्हणजे?"

"काहीच नाही. एक तास."

"मग फायदा काय होतो?"

काकूंनी जरा विचार केला. "दुसऱ्या दिवशी पाचपर्यंत पुरतो," त्या म्हणाल्या.

बाईंचं पेन तसंच राहिलं. तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. बाईंनी तो काढला, नाव बघितलं, काकूंकडे बघितलं. काकू समोर बघत होत्या. बाईंनी फोनचा आवाज बंद केला आणि तो परत आत टाकला. थोड्या वेळाने त्यांनी एक चप्पल काढली. मग दुसरी. पाय गवतावर टेकवले.



अचूकरावांना पुढे व्हायची अनिवार इच्छा झाली. निदान झाडांची संख्या तरी सांगावी! पण काकूंनी मान न वळवता नुसता एक हात वर केला, आणि एकतीस वर्षांत कुठल्याही तराजूने थांबवला नव्हता तो माणूस जागच्या जागी थांबला. शिट्टी त्याने हळूच सदऱ्याच्या आत टाकली.

शिट्टी थांबली, तशी बाग आपोआप सैल झाली. साबणाचं पाणी ओतून डॉक्टरांना नळीतून बाहेर काढलं गेलं. मुलांनी लगेच पुन्हा घसरायला सुरुवात केली, साबणामुळे आता दुप्पट वेगाने! तक्ते, नंबर, ओळी सगळे विसरले. नर्सने चपला काढल्या. शिवणकामवाल्या ताई शेंड्याकडे बघत बसल्या. विम्याचा कारकून मागच्या झाडाला सांगत होता, "साहेब, आज तुम्ही बोलायचं नाही, आज मी बोलणार!" ते आजोबा अजून अधूनमधून एकटेच खुदकन हसत होते.

बाई हे सगळं बघत होत्या. लिहीत मात्र काहीच नव्हत्या.

"किती वाजले?" शेवटी त्यांनी विचारलं.

"सहाला आठ कमी," झाडामागून आवाज आला.

"काय?" बाई उडाल्याच. "मला दहा मिनिटांत निघायचं होतं!" त्यांनी फोन काढला. चौदा जणांचे फोन येऊन गेले होते. त्यांनी तो यादीसकट पुन्हा पर्समध्ये ठेवला, फाईल उघडली आणि भराभरा लिहायला लागल्या. जाताना अचूकरावांसमोर थांबल्या.

"बाई, आकडा हवा असेल तर मी आत्ता मोजून—"

"नको!" बाई इतक्या जोरात म्हणाल्या, की मागे डॉक्टर पुन्हा शिंकले. "तुम्ही आता काहीही मोजू नका!"

सोमवारी खोदकामाची गाडी आली नाही. बुधवारी पत्र आलं. वाहनतळाचा प्रस्ताव रद्द. बागेचा नियमित वापर होत असल्याचे अधिकाऱ्यांनी प्रत्यक्ष अनुभवले असून, लॉन्ड्रीमागील पडकी भिंत दुरुस्त न करता तिथे छोटे फाटक बसवण्यात येईल. डॉक्टरांनी पत्र जिन्यात लावलं. नर्स दवाखान्यातून धावत येऊन वाचून गेली. लोकांनी अचूकरावांचं अभिनंदनही केलं. आधी घाबरत घाबरत, मग ते काही विचारत नाहीत असं बघून, मनापासून. ताई म्हणाल्या, "चूक लिहून दिलीत म्हणे तुम्ही! आमच्याकडे कुणी देत नाही हो." अचूकरावांना कानकोंडं झालं, पण बरंही वाटलं. किती टक्के, ते त्यांना सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी पावणेपाचला काकू चपला घालत होत्या. अचूकराव दाराशी घुटमळत होते. बूट घातलेले, केस विंचरलेले.

"अगं," ते खाकरले, "मी म्हणत होतो… मीही आलो तर? प्रश्न विचारणार नाही. काही मोजणार नाही. नुसता बसेन. गप्प."

काकू थांबल्या. त्यांनी नवऱ्याकडे बराच वेळ बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर माया होती, यात काही शंकाच नाही.

"या की," त्या म्हणाल्या. "बाग काय माझ्या एकटीची आहे? सगळ्यांची आहे. जरूर या."

अचूकरावांचा चेहरा उजळला. ते पुढे सरसावले.

"फक्त," दार उघडता उघडता काकू म्हणाल्या, "मी सहाला परत येते. मग तुम्ही जा!"